सत्काराला बोलावता, मग हळदीकुंकवाला का नाही?

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच आहे. माझी भावकीतली एक जाऊ वीरपत्नी आहे. तिचे मालक मराठा लाइट इन्फंट्रीत होते, काश्मीरमध्ये चकमकीत गेले. मुलगी आता दहावीला आहे, मुलगा सातवीत. गावाने वर्गणी काढून वेशीत कमान बांधली, तिला त्यांचं नाव दिलं. दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेच्या मैदानात जाऊबाईंचा आणि सासूबाईंचा सत्कार असतो. शाल, श्रीफळ, साडी, सन्मानचिन्ह. गाव मनापासून करतं. यंदा २६ जानेवारीला तिने मुलीच्या हाती निरोप धाडला, "मी येणार नाही, इथून पुढे मला बोलवू नका." आमदारसाहेब आलेले, फार अवघडल्यासारखं झालं. आता गावात बोलणी सुरू झालीत, की सगळं मिळालं, आता हिला गावाची काय गरज. मला जास्त वाईट वाटलं, कारण आदल्याच आठवड्यात पंचायतीचं हळदीकुंकू झालं, दीडएकशे बायका होत्या, आणि तिथेच आम्ही ठरवलं होतं की या वेळी तिला पैठणी द्यायची. गावचा आणखी एक जवान होता, पण तो लढाईत नाही, ड्यूटीवर आजारी पडून गेला, म्हणून त्याचं नाव कमानीवर नाही. येत्या १५ ऑगस्टला पंचायतीच्या नव्या सभागृहाला जाऊबाईंच्या मालकांचं नाव द्यायचं चाललंय. तिला कसं समजावू? की नाद सोडून द्यावा?

– एक सरपंच

सरपंचताई, नमस्कार.

आग्रह करू नका. जाऊबाईंनी स्वच्छ शब्दांत नको म्हटलं आहे आणि कार्यक्रमाआधी कळवलंही आहे. वीरपत्नीलाही घरी राहायचा हक्क आहे. आमदारांना अवघडल्यासारखं झालं असेल, तर तेवढं त्यांनी समजून घ्यावं. मात्र आग्रह सोडला म्हणजे विषय संपला, असं धरू नका. तुम्ही पोटतिडकीने लिहिलं आहे आणि मला वाटतं, त्या निरोपाचं निदान एक कारण तुमच्याच पत्रात आहे.

हळदीकुंकवाला दीडएकशे बायका होत्या, असं तुम्ही लिहिता. त्यांत जाऊबाई होत्या का? पत्रात तसं नाही. तिथे त्यांच्या पैठणीचं ठरलं, म्हणजे त्यांचा विषय निघाला, पण बहुधा त्या स्वतः तिथे नव्हत्या. कारण आपल्याकडे विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, आणि बोलावत नाहीत याचं कुणाला काही वाटतही नाही. संक्रांत ते रथसप्तमी हे वाण लुटायचे दिवस. २६ जानेवारी त्यांतच किंवा त्यांच्या आगेमागे येतो. म्हणजे ज्या दिवसांत गल्लीतल्या बायका नटूनथटून जाऊबाईंच्या दारावरून पुढे जातात, त्याच दिवसांत एका सकाळी त्याच बायकांसमोर त्यांना खुर्चीवर बसवून गाव शाल पांघरतं. साडी देतं, ओटी भरत नाही. तुम्ही स्वतः दोन्ही कार्यक्रमांच्या यजमान आहात, म्हणून हे तुम्हाला इतकं उघड सांगते आहे.

त्यांच्या नकाराचं हेच कारण आहे, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. कारण त्यांनाच माहीत. पण सैनिकांच्या विधवांशी बोलताना काही गोष्टी वारंवार कानावर येतात. पहिली म्हणजे भाषणं. माइक हातात आला की वक्त्याला भान राहत नाही. गोळी कुठे लागली, पेटी गावात किती वाजता आली, बायकोने हंबरडा कसा फोडला, हे सगळं दरवर्षी नव्याने ऐकवलं जातं. पहिल्या रांगेत सातवीतला मुलगा बसलेला असतो. तो मान खाली घालून बुटाच्या लेसला गाठ मारतो, सोडतो, पुन्हा मारतो. शेजारी आई बसलेली असते, तिला उठताही येत नाही आणि त्याच्या कानांवर हातही ठेवता येत नाही. वर्षातून दोन सकाळी त्या माउलीने हे सोसायचं आणि शेवटी हसून फोटो काढायचा. दुसरी गोष्ट, भाषणात सरकारी मदतीचे आकडे जाहीर होतात. ते ऐकून घरी गेलेली माणसंच मग म्हणतात, की हिला सगळं मिळालं.

आपल्याकडे लढाईत पडलेल्यांची आठवण ठेवायची रीत फार जुनी आहे. सातारा भागात कितीतरी जुन्या देवळांबाहेर वीरगळ मांडलेले दिसतात. तुमच्याकडेही असतील तर एकदा नीट पाहा. खालच्या चौकटीत लढाई आणि आडवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. त्याच ओळीत कधी कधी सतीशिळाही असते. तिच्यावर कोपरात दुमडलेला, पंजा उभा धरलेला बाईचा हात असतो, बांगड्यांनी भरलेला. नवऱ्याच्या मागे जी जळाली, तिचा चुडा दगडात शाबूत राहिला. जी मागे उरली, जिने शेत कसलं, सासूसासऱ्यांचं केलं, पोरं वाढवली, तिचा दगड मी अजून कुठे पाहिलेला नाही.

इंग्रजांच्या काळातही फारसं वेगळं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या, की या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या युद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले. आज ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं आणि तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे, तो असावाच. पण त्या घरांतल्या बायकांनी पुढची तीसचाळीस वर्षं कशी काढली, हे कोणत्या पाटीवर वाचायला मिळतं? मेलेल्या शिपायाला मान कसा द्यायचा, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याची बायको चाळिशीत आहे, गावातच राहते, तिला हसायचं आहे, नवी साडी नेसून लग्नाला जायचं आहे, याचं काय करायचं, ते आपण अजून ठरवलेलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ते ठरवलं. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. १५ ऑगस्टच्या सुमाराला तुमची ग्रामसभा होईलच. अजून तुमच्या गावात असा ठराव झाला नसेल, तर तो विषय घ्या. सभागृहाच्या नावाआधी घ्या.

फक्त एक करू नका. ठराव मांडताना जाऊबाईंचं नाव घेऊ नका आणि त्यांना पुढे बोलावून मंचावर कुंकू लावू नका. असे फोटो मी पाहिले आहेत. कॅमेऱ्यासमोर कुणीतरी करंडा पुढे करतं, टाळ्या वाजतात, आणि ती बाई जमिनीकडे बघत उभी असते. पहिल्यांदा कुंकू लावून घेणं ही फार खासगी गोष्ट आहे. काहींना ते नकोच असतं. ते नवऱ्याचं होतं आणि त्याच्याबरोबर गेलं, असं त्यांना मनापासून वाटतं. त्याचाही मान राखायला हवा. तुम्ही तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंना बोलवा, इतर जावांना बोलावता तसंच, स्वतः जाऊन. आल्या तर करंडा त्यांच्यासमोर धरा. त्यांनी बोट बुडवलं तर ठीक, नुसता तिळगूळ घेऊन वाण घेतलं तरी ठीक. कुणी म्हातारी कुजबुजली, तर उत्तर तुम्ही द्यायचं, त्यांच्यावर सोडायचं नाही. त्यासाठी पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबायचीही गरज नाही. चैत्रात चैत्रगौर बसेल, श्रावणात मंगळागौरी होतील. डोहाळजेवणं, बारशी तर वर्षभर चालू असतात.

आता तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलेल्या दुसऱ्या घराबद्दल. मला ते वाक्य फार लागलं. "पण तो लढाईत नाही, ड्यूटीवर आजारी पडून गेला." फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गेले, त्यांतला एक तुमच्या सातारा जिल्ह्याचा होता. तिथे शत्रूने एकही गोळी झाडली नव्हती. सियाचिनवर आजवर शत्रूपेक्षा थंडीने, बर्फाने आणि विरळ हवेनेच जास्त जवान नेले आहेत. निवृत्तिवेतनाच्या हिशोबात सरकार भेद करतं. लढाईतला मृत्यू वेगळा, सेवेमुळे ओढवलेला मृत्यू वेगळा, आणि रकमांतही फरक पडतो. तो फरक त्या बाईने आधीच सोसला आहे. त्यात गावाने कमानीवर आणखी एक भर कशाला घालावी? तो जवानही याच वेशीतून बॅग खांद्यावर टाकून गेला होता. त्याच्या बायकोने कधी तोंड उघडून मागितलं नसेल, मागणारही नाही. त्यांच्या घरी तुम्ही कधी गेला होतात?

त्या घरी जाताना हातात काहीतरी कामाचं न्या. राज्याने २०२० मध्ये माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या एका घराची घरपट्टी माफ केली आहे. नवरा लढाईत गेला की आजाराने, की निवृत्तीनंतर म्हातारपणी, असा भेद त्यात नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो आणि अर्ज ग्रामपंचायतीकडे करायचा असतो, म्हणजे तुमच्याकडेच. गावातल्या किती विधवांना ही माफी मिळते, ते ग्रामसेवकाला विचारून बघा. मिळत नसेल तर दाखला आणून, अर्ज भरून घेऊन काम पुरं करा. त्या बाईला साताऱ्याला हेलपाटे मारायला लावू नका.

हेलपाट्यांवरून आठवलं. सैनिकाच्या विधवेचा निम्मा जीव कागदांत जातो. पलटणीच्या कागदात तिचं नाव एक असतं, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे माहेरचं नाव राहिलेलं, कुठे जन्मतारीख नुसती अंदाजाने टाकलेली. दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावात आहे. निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून येतं आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एखाद्या सत्तरीच्या आजीच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, दाखला राहून जातो, पैसे थांबतात. तुमच्या पंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र असेल, तिथला मुलगा आठवणीने अशा घरी जाऊन दाखला काढून देईल, एवढी व्यवस्था तुम्ही एका दिवसात लावू शकता. सन्मानचिन्हावर खर्च होतो त्याच्या मानाने याला काहीच लागत नाही.

"सगळं मिळालं" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? हे बोलणं बायकांत चालत असेल तर बायकांत थांबवा, पारावर चालत असेल तर पंचायतीच्या बैठकीत थांबवा. तुम्ही सरपंच आहात, तुमचं एक वाक्य पुरे आहे. जाऊबाईंना मिळतं ते त्यांच्या मालकांच्या नोकरीचं आणि कायद्याने ठरवून दिलेलं. त्यात गावाचा एक रुपया नाही आणि गावाने त्याचा हिशोबही विचारायचा नाही. वर्गणी कमानीसाठी होती, कमान झाली. तिच्या मोबदल्यात दर १५ ऑगस्टला त्यांनी मंचावर यावं, असं कुणी ठरवलं नव्हतं.

आणखी एक सांगते. सत्काराच्या भाषणात हल्ली स्वाती महाडिकांचं उदाहरण हमखास देतात. कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात गेले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये स्वातीताई स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण समोर बसलेल्या बाईला ते उदाहरण मापासारखं लावू नये. तिने दुग्धव्यवसाय केला, शिवणकाम केलं, काहीच न करता मुलं वाढवली, तरी ती कमी पडलेली नाही. तिने पुन्हा लग्न केलं, तरीही नाही. शौर्यपदकाचा भत्ता विधवेने दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, दिराशी केलं तरच चालू राहायचा. संरक्षण मंत्रालयाने ही अट २०१७ मध्ये काढून टाकली. सरकारी कागदातून गेलेली ती अट गावच्या मनातूनही जायला हवी. तुमच्या गावच्या कुणा वीरपत्नीने उद्या असं ठरवलं, तर तिच्या मागे सगळ्यात आधी तुम्ही उभ्या राहा.

आता १५ ऑगस्ट. त्याच्या बऱ्याच आधी एका दुपारी जाऊबाईंच्या घरी जा. सदस्यांना नेऊ नका, एकट्या जा. सरपंच म्हणून नको, जाऊ म्हणून जा. हळदीकुंकवाचं मनात असेल ते आधी बोलून टाका. "आम्ही तुला बोलावलं नाही, ते चुकलं," एवढंच. मग विचारा, की सभागृहाला त्यांचं नाव द्यावं असं तुला वाटतं का. नको म्हणाल्या तर ठराव मागे घ्या. हो म्हणाल्या तर कसा कार्यक्रम चालेल, ते त्यांनाच ठरवू द्या. भाषणात मृत्यूचं वर्णन नको, रकमांचा उल्लेख नको, मुलांना मंचावर बसवायचं नाही, असं त्या म्हणाल्या, तर ते वक्त्यांना तुम्ही आधीच कळवा, आमदारांनाही. त्यांना यायचंच नसेल तर त्यांच्याविना कार्यक्रम करा आणि माइकवरून त्या का आल्या नाहीत, याचा खुलासा कुणालाही करू देऊ नका.

सासूबाईंशी मात्र वेगळं बोला. वीरमातेचं दुःख निराळं असतं आणि कित्येकदा त्यांना कार्यक्रमाला यायचं असतं, मुलाचं नाव मोठ्याने ऐकायचं असतं. सून येत नाही म्हणून त्यांना वगळू नका, आणि त्या आल्या म्हणून सुनेला नावं ठेवली जाणार नाहीत, हेही बघा. दोघींना एकच शाल, एकच सन्मानचिन्ह देऊन घरात ओढाताण लावू नका. द्यायचं तर दोघींना वेगवेगळं द्या.

पुष्पचक्र कोण वाहणार, तेही आत्ताच ठरवून टाका. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात रोज संध्याकाळी कुणा एका हुतात्म्याच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या त्या स्मारकात तसा रिवाजच आहे. तुमच्याकडे आजवर तो मान पाहुण्यांना जात आला असणार. या वेळी घरच्या कुणाला वाहायचं असेल तर त्यांना वाहू द्या. त्यांना नको असेल तर गावातले सगळ्यात वयस्कर माजी सैनिक असतील, त्यांना विनंती करा. पाहुणे पहिल्या रांगेत उभे राहतील.

कमानीवरही दुसऱ्या जवानाचं नाव येऊ द्या, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. कारागिराला बोलावण्याआधी दोन्ही घरांतून नाव, हुद्दा, सैन्य क्रमांक आणि पलटण कागदावर लिहून घ्या, निवृत्तिवेतनाच्या आदेशावर आहे तसं. अक्षरं कोरायच्या आधी तो मजकूर दोन्ही घरी पुन्हा एकदा वाचून दाखवा.

– तुमची ताई